मिरचीच्या रानात जाणारी बाज

मी एक जुनी बाज आहे, दोरानं विणलेली खाट. मित्रांनो, हसू नका. तुमच्या घरी मऊ गादीचे पलंग असतील, पण त्यांच्यातला एक तरी पिकअपच्या टपावर बसून गोदावरी ओलांडून गेला आहे का? मी दरवर्षी जाते. माझ्या चारही पायांना दोन राज्यांची माती लागली आहे आणि त्याचा मला गर्व आहे. तो मी लपवणार नाही. लपवल्यानं काय होतं, हे मी चांगलं पाहिलं आहे.

सावली या तालुक्याच्या गावाजवळ, एका धानाच्या गावात लच्छू सुतारानं मला घडवलं. पाय सागाचे, दांड्या येनाच्या लाकडाच्या, आणि विणकाम अंबाडीच्या दोराचं. चंदाबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून देवाजीभाऊंच्या अंगणात आले. त्याच दिवशी पाच-सहा पाहुणे माझ्यावर एकदम बसले आणि मी कुरकुरलेसुद्धा नाही. "बाज पाहा बाप्पा, लोखंड आहे!" असं कोणीतरी म्हणालं. ते कौतुक मला अजून आठवतं. पुढं माझ्यावर वड्या वाळल्या, मोहफुलं वाळली, पाहुणे घोरले, कोंबड्यांनी घाण केली. संसारी बाजेला हे सगळं सोसावंच लागतं.

मग त्यांची लेक दिव्यानी जन्मली. ती माझ्यावर खेळली, माझ्यावरच मोठी झाली, आणि माझ्यावरच कळवळली. थंडी पडली, अंगमेहनत जास्त झाली किंवा पाणी कमी पडलं, की तिचे हातपाय ठणकायला लागत. ती माझी दांडी मुठीत धरून दात आवळायची. माझ्या त्या दांडीवर तिच्या नखांचे वळ आहेत. गडचिरोलीच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं, पोरीला सिकलसेल आहे. आईबाप दोघांच्या रक्तातून जन्माबरोबर आलेला आजार, एकाचा दुसऱ्याला न लागणारा. डॉक्टरांनी कार्ड दिलं, रोजच्या गोळ्या दिल्या.

घरी येताना देवाजीभाऊ एवढंच बोलले, "कोनाले सांगाचं नाई. पोरीचं लगन होणार नाई." कार्ड पेटीत गेलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव निघालं नाही. कोणी विचारलं तर "कंबर दुखते" असं सांगायचं ठरलं.

आमच्याकडे धान मळून झालं की गावच्या गाव मिरची तोडायला तेलंगणात जातं. पिकअपमध्ये स्वयंपाकाचे गंज, तांदूळ, अंथरूण, म्हातारी माणसं, लेकरं सगळं कोंबलेलं असतं. रानात पाल ठोकायचे आणि धानाच्या तणसावर झोपायचं, हा रिवाज. पण दिव्यानीला थंड जमिनीवर झोपवणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. म्हणून देवाजीभाऊंनी मला दोरानं बांधून टपावर चढवलं. सगळ्या तांड्यात बाज एकच, ती मी. शेजारच्या इतवारीबाई तर दरवर्षी टोमणा मारायच्या, "का जी देवाजी, राजकन्येचा पलंग घेतला का?" सगळे हसत. देवाजीभाऊही हसत. दिव्यानी मात्र खाली बघे. मला वाटे, आपले पाय वाजवून ओरडावं, की ही राजकन्या नाही, ही दुखणं गिळणारी पोरगी आहे! पण बाजेला तोंड कुठलं?

असंच लपवत दिवस चालले होते. मग एका वर्षी हंगाम ऐन भरात असताना दिव्यानी भर दुपारी मिरचीच्या सरीत बसली ती उठलीच नाही. तिला माझ्यावर घालून लोकांनी रस्त्यापर्यंत उचलत नेलं. रस्त्यावर गाडी मिळाली. पुढचं मी चंदाबाईंच्या तोंडून ऐकलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हिला आधीपासून काही आजार?" दाराशी तांड्यातली माणसं उभी होती. देवाजीभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाई जी. थोडी कंबर दुखते." झालं! डॉक्टर बिचारे तापावर औषध देत राहिले आणि पोरगी तडफडत राहिली. शेवटी चंदाबाईंनी नर्सचा हात धरून तिला बाजूला नेलं आणि खरं सांगितलं. तेव्हा कुठं बरोबर उपचार सुरू झाले. पोरगी वाचली. त्या वर्षी मिरची मात्र घरी फार थोडी आली, कारण आमच्याकडे मजुरी मिरचीतच मिळते आणि दवाखान्यात बसून मिरची तुटत नाही.

त्या उन्हाळ्यात वडशाचा हेमराज नावाचा एक तरुण गावात आला. खासगी कंपनीचा आरोग्यविमा विकायचा नवा धंदा त्यानं सुरू केला होता. अंगणात मीच मांडलेली होते, तो माझ्यावरच बसला. भोवती अर्धं गाव जमलं. हेमराज बोलायला गोड. "बाहेरगावी कमवायला जाता जी, तिथी आपलं कोन आहे? वर्षाचा एक हप्ता भरला का दवाखान्याची चिंता गेली."

देवाजीभाऊंच्या डोळ्यांत मी आशा पाहिली. खरं सांगते, मलाही ती वाटली. ते चंदाबाईंना म्हणाले, "घेऊन टाकू. दुसऱ्या कोनासाठी नाई, पोरीसाठी." चंदाबाईंनी मान हलवली. त्या दोघांना दुसरं काहीच नको होतं, पोरगी पुन्हा अशी तडफडू नये एवढंच.

हेमराजनं विचारायला सुरुवात केली. नाव, वय, गाव. मग तो म्हणाला, "घरी कोनाले जुना आजार?"

 माझ्यावर बसलेला तो लिहायला पुढं सरकला आणि माझा दोर करकरला. देवाजीभाऊ म्हणाले, "नाई."

"नाईच लिहा," हेमराज हसत म्हणाला. "सगळे तसंच लिहितात. चालून जाते."

दिव्यानी दारात उभी होती. त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणे येऊन गेले होते आणि बोलणं जमत आलं होतं. तिनं एकदा मायकडे पाहिलं, आणि येऊन माझ्या पायथ्याशी बसली. तिचा हात सवयीनं माझ्या दांडीवरच्या त्या वळांवर गेला. ती म्हणाली, "आहे जी. मले सिकलसेल आहे. लिवा."

"चूप बस!" देवाजीभाऊ गरजले.

"नाई बाबा. मागच्या टायमाले तुमी चूप बसले, तं मी मरून राह्यली होती."

मित्रांनो, त्या पोरीचा एकही शब्द अडला नाही. माझ्या पोटात आनंद मावेना. मागं कोणीतरी कुजबुजलं. पाहुण्यांकडची एक नातलग बाई पदर सावरून उठून गेली. 

दिव्यानी हेमराजला म्हणाली, "भाऊ, आता खरं सांगा. माह्या आजाराले हा विमा चालते का? अन् आमी मिरचीले जातो तिथी चालते का? फोन लावा कंपनीले, सगळ्याइच्या समोर."

हेमराज पोरगा वाईट नव्हता. त्यानंही हे कधी कोणाला विचारलं नव्हतं, एवढंच. त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. आधीचा आजार सांगितला तर त्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागेल, कदाचित मुलीला विम्यात घेणारही नाहीत. लपवला आणि पुढं कळलं, तर एक पैसा मिळणार नाही. आणि मिरचीच्या रानाजवळचा दवाखाना त्यांच्या दवाखान्यांत नव्हताच. जो होता तो दूरच्या शहरात.

देवाजीभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हंजे जिच्यासाठी घेऊन राह्यलो, तिच्याच कामाचा नाई?"

"तिच्या नाई, तुमच्या कामाचा आहे," दिव्यानी म्हणाली. "पाय मोडला, अपघात झाला, साप चावला, तं काय होते विचारा." हेमराजनं विचारलं. त्यासाठी थांबावं लागत नव्हतं. "मंग तुमच्या दोघाइचा घ्या. शहर लांब आहे, पण गाडी करून जाता येते. तुमी धड राह्यले तं मले पाहाल. माह्यासाठी सरकारी दवाखाना आहे, रोजच्या गोळ्या आहे. अन् माहं कार्ड आता पेटीत नाई राहाचं, गळ्यात राहीन."

अशा रीतीनं विमा घ्यायचा की नाही, याचा निकाल माझ्यावर बसून लागला. आई-वडिलांचा घेतला, खरं ते लिहून घेतला. लेकीसाठी फसवा विमा घेतला नाही. हेमराज जाताना म्हणाला, "दिव्यानीताई, यानंतर मी पहिले हेच विचारीन." आणि तो पुढच्या घरी खरंच तेच विचारू लागला.

जमत आलेलं स्थळ मोडलं. चंदाबाई रडल्या. देवाजीभाऊ बरेच दिवस माझ्यावर बसलेच नाहीत, मला वाईट वाटलं. दिव्यानी मात्र गोळ्या घेत होती, पाणी पीत होती, आणि कोणी कुत्सित बोललं तर सरळ सांगत होती, "ज्याले मले पाहाले याचं असन, त्यानं आधी आपलं रक्त तपासून यावं." घ्या! अशी पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे.

मग हंगाम आला. पिकअप निघायला उभी. इतवारीबाईंनी तोंड उघडलं, "का जी देवाजी, राजकन्येचा..." देवाजीभाऊंनी मला टपावर चढवून शेवटची गाठ आवळली आणि वरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाव, राजकन्येचीच बाज आहे. माह्या पोरीले सिकलसेल आहे. थंडी तिले चालत नाई. दुखाले लागलं का पाणी द्या, ऊब द्या, अन् गळ्यातलं कार्ड दवाखान्यात दाखवा. सगळे ध्यानात ठेवा."

त्या माणसानं एवढी वर्षं गिळून ठेवलेलं एका दमात बाहेर काढलं. माझ्या दोरांना आपोआप ताण आला. इतवारीबाई आपलं बोचकं उचलून गाडीत बसल्या.

त्या हंगामात दिव्यानीला पुन्हा दुखण्याचा झटका आला. पण आता चित्र निराळं होतं. बायकांनी तिला माझ्यावर घेतलं, घोंगडी टाकली, घोट घोट पाणी पाजलं. तांड्यातल्या सुकलूनं पुढची बाजू खांद्यावर घेतली, आणि मागची बाजू कोणी घेतली असेल? इतवारीबाईंनी! धापा टाकत, शिव्या देत, पण एकदाही खाली न ठेवता त्यांनी मला रस्त्यापर्यंत नेलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि लगेच कामाला लागले. कोणाला काही विचारावंही लागलं नाही. दिव्यानी दोन-तीन दिवसांत स्वतःच्या पायांनी पालावर परत आली. तिला माझ्यावर घालून आणायची गरज नव्हती, मी तर आधीच परतले होते आणि तिची वाट बघत अंगभर ऊन खात होते. सगळा तांडा मिरची टाकून तिला बघायला धावला. असा जल्लोष मी लग्नातही पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी इतवारीबाई हळूच येऊन माझ्यावर बसल्या. चंदाबाईंना म्हणाल्या, "बाई, माह्या नातवाचेबी हातपाय ठणकते. आमीबी 'वारं लागलं' म्हणून सांगतो. त्याले गडचिरोलीले नेशील का आमच्यासंग?" चंदाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. दोघी रडल्या, आणि मी त्यांचं ओझं मोठ्या सुखानं पेललं.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझा एक पाय जरा डुगडुगतो, दोर दोनदा नवा विणून झाला आहे. पण माझी एक विनंती ऐका. दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर टाकू नका आणि त्याचं दुखणं अंधारात ठेवू नका. विमा घ्या, न घ्या, तुमची ऐपत बघा. पण जे आहे ते आधी मोकळेपणानं सांगा. आणि बाजेचा दोर सैल झाला की वेळेवर आवळा, तेवढं माझ्यासाठीही करा.

यंदा पिकअप भरत होती तेव्हा मी टपावर नेहमीसारखी ऐटीत पडले होते. इतक्यात खालून कोणीतरी मला ढकललं. "सरका जी, सरका," इतवारीबाईंचा आवाज आला, आणि माझ्या शेजारी त्यांच्या नातवासाठी घेतलेली एक कोरी करकरीत बाज येऊन आदळली. तिच्या मागून सुकलूच्या घरची आली. मग आणखी एका घरची; त्या घरांतही आता कोणी दुखणं लपवत नव्हतं. टपावर जागा उरेना. मी अंग चोरलं आणि त्यांना जागा करून दिली.