गोवर नक्की कुणाला आला होता?

बोरीवलीच्या आमच्या हॉस्पिटलात गोवर झालेलं बाळ दाखल झालं. इन्चार्ज मृणालिनी मॅडमनी बजावलं, "जिच्याकडे लशीच्या दोन डोसांचा किंवा रक्ततपासणीचा कागद असेल, तीच नर्स आत जाईल. तीही एन-९५ मास्क लावून."

"मला लहानपणी येऊन गेलाय," मी म्हटलं.

"कागद दाखव, अनुपमा."

माझं डोकंच फिरलं. मी आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आला होता म्हणजे? नऊ दिवस कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं तुला! मामाच्या लग्नाला मुकलो गं आपण दोघी."

"ऐकलंत?" मी म्हटलं. मॅडमनी सरळ माझं रक्त तपासणीला काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. माझ्यात गोवराची प्रतिकारशक्ती नव्हतीच. घरी जाऊन मामाच्या लग्नाचा अल्बम काढला. फोटोत मी करवली होऊन मिरवतेय. आई आणि धाकटी बहीण श्रुतिका मात्र कुठेच नाहीत.

"मग श्रुतिकाला आला असेल," फोटोचं सांगितल्यावर आई फोनवर म्हणाली. "तुम्ही दोघी सारख्याच किरकिऱ्या होतात."

मी लशीचा पहिला डोस घेतला, कागदावर ठळक शिक्का मारून घेतला आणि फोटो आईला पाठवला.

लगेच तिचा मेसेज आला, "नाव नीट बघून घे. श्रुतिकाचं नाही ना घातलं?"