व्हर्लिन स्टॉडर्डने निवडलेला कॅमशाफ्ट

वाचकहो, आमच्या ओझार्क डोंगरांतील एका पिकअप गाडीच्या इंजिनाची, आणि चुकीच्या निवडीमुळे ओढवलेल्या भयंकर प्रसंगाची हकीकत येथे यथाशक्ती निवेदन करीत आहे. ती वाचून अंगावर काटा न आल्यास दोष माझ्या लेखणीचा मानावा.

व्हर्लिन स्टॉडर्ड याची पत्नी नॅडीन हिला आपली लंगडणारी घोडी दर आठवड्यास खिंडीपलीकडे जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावी लागे. घोडीचा ट्रेलर ओढताना पिकअप चढावर धापा टाकी, म्हणून व्हर्लिनने इंजिन नव्याने बांधावयास घेतले. नॅडीनचे मागणे एवढेच, की पाय लावताच गाडीने ओढ घ्यावी. इंजिनाच्या झडपा किती व केव्हा उघडाव्यात, हे कॅमशाफ्ट ठरवतो. संथ चालीत जोर हवा असेल तर तो सौम्य, म्हणजे लहान कॅमचाच निवडावा लागतो. हे व्हर्लिन पुरते जाणत होता. परंतु मनुष्याचे जाणणे एक आणि वागणे एक!

"लहान कॅम? मग शिलाई मशीनच घे की लेका!" त्याचा मित्र डब म्हणाला. "शनिवारी हॅम्बर्गरच्या दुकानापुढं सगळे बॉनेट उघडून उभे असतात. तिथं तुझी गाडी उभ्या उभ्या गुरगुरायला नको?"

"नॅडीनला काय सांगू?"

"सांग, लहानच टाकलाय. ती काय इंजिन खोलून बघणारे?"

व्हर्लिनने मोठा कॅम बसवला आणि नॅडीनला तसेच सांगितले.

इंजिन सुरू होताच गाडी थडथडू लागली. व्हर्लिनचे काळीज आनंदाने भरून आले.

"हिला दमा झालाय का रे?" नॅडीनने विचारले.

"नवीन आहे. बसेल हळूहळू."

रिकामा ट्रेलर जोडून नॅडीन एकटीच गाडी पारखावयास तळ्याकडच्या उतारावर निघाली; व्हर्लिन मागे उभा राहून पाहत होता. ब्रेकचा लाल दिवा एकदा लागला, पुन्हा लागला, आणि मग लागलेलाच राहिला. गाडी मात्र थांबेना!

"व्हर्लिन! पेडल दगड झालंय!"

त्या क्षणी व्हर्लिनच्या पायांखालची जमीन सरकली. ब्रेकला बळ देणारा डबा इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालतो, आणि मोठा कॅम संथ चालीत ती ओढच मारून टाकतो! केवळ जोर कमी पडेल, एवढाच त्याचा हिशेब होता. तो धावला; पण धावणारा मनुष्य गाडीस काय अडवणार? कुंपण मोडले, आणि पिकअप दिव्यांपर्यंत पाण्यात शिरली.

नॅडीन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"लहान टाकलायस म्हणालास ना?"

"नाही. मोठा टाकलाय. मला... आवाज आवडला."

"घोडी आत असती तर?"



व्हर्लिनने इंजिन पुन्हा खोलले व सौम्य कॅम बसवला. आता पिकअप चढावर रेड्यासारखी ओढते आणि ब्रेक बोटभर दाबाने लागतो. तथापि तो उतार आला की नॅडीन गाडी थांबवावयास लावते, घोडीला उतरवते आणि दावे धरून पायी चालू लागते.

"अगं, आता काही होत नाही, बस ना!"

"तू चालव," ती मागे न बघता म्हणते.

आणि व्हर्लिन रिकामा ट्रेलर घेऊन, ब्रेकवरचा पाय न उचलता, तिच्या मागून घोडीच्या चालीने येत राहतो.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
हार्लन टिप्टन