बांधावरचा लोखंडी साप

मित्रांनो, मी एक जुना साप आहे. पण अंड्यातून निघालेला नव्हे. शहाण्णव साली इंदापुरात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या तौसिफ मिस्त्रीने मला घडवले. सायकलची चेन हा माझा कणा, टायरची ट्यूब ही कातडी, पोटात मोटर आणि सेल. खरा नाग बघून बघून त्याने मला वळवळायला शिकवले. काम एकच, गोदामातले उंदीर पळवायचे. बाजारकरी मला बघायला गर्दी करीत. शाबासकी गोड लागते, खोटे कशाला बोलू!

मग अंथुर्ण्याचे बागायतदार झुंबरराव मला उंदरांसाठी म्हणून घेऊन गेले आणि बांधावर ठेवले. वस्तीवरच्या बाया त्या बांधाने हातपंपावर जात. ते झुंबररावांना खुपत होते. वाटेत आडवी तार बांधली. तारेला पाय लागला की मी फणा काढून झेपावणार.

दिवेलागणीला डोक्यावर हंडा घेऊन वस्तीवरची सारजा आली. मी झेपावलो. ती बांधाखाली कोसळली, उजवा हात मोडला.

किंकाळी ऐकून तिची सासू अक्काबाई काठी घेऊन धावली. पहिल्याच दणक्यात माझी मान मोडली. तेवढ्यात झुंबरराव आले. हातात रॉकेलचा डबा!

"मारलं न्हवं? आता जाळून टाका. मारलेलं जनावर तसंच ठिवू न्हाय."

"तुमाला कसं कळलं जनावर निघालं म्हून? घरनंच डबा घिऊन आलाय!"

"रान हाय, निघायचंच. त्यो काय माझ्या घरचा हाय व्हय?"

रॉकेल माझ्या अंगावर ओतले. काडी पेटली. अक्काबाईने मला शेपटीला धरून हिसकले, आणि फाटक्या पोटातून सेल टपटप खाली पडले.

"जनावराला मालक नसतो, झुंबरराव. सेल खाणाऱ्याला असतो!"

चौकीत हवालदार हसला. "गुन्हा कुणावर लिहू, आजी? सापावर?"

झुंबरराव म्हणाले, दोष बनवणाऱ्याचा. बोलावून आणलेला तौसिफ म्हणाला, "मी उंदरांसाठी केला. बांधावर तुमी ठेवला." दोघेही माझ्याकडे बघेनात.

अक्काबाईने जमिनीवर बसकण मारली. "नाव लिवल्याबिगर मी उठत न्हाय."

शेवटी झुंबररावांचे नाव लिहावे लागले. मी मुद्देमाल म्हणून पोत्यात पडलो. वकील अजून भांडतात, साप चावलाच नाही तर गुन्हा कसला?

मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रे कराल. घारीसारखी उडणारी, मुंगीसारखी राबणारी. खुशाल करा. पण जनावराचे रूप देऊन त्याच्या आड लपू नका. यंत्राला फणा द्याल, तर त्याच्या पोटावर स्वतःचे नावही कोरा. नाव कोरायची तयारी नसेल, तर फणाही करू नका.