वकीलबाबूंचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. हल्ली माझा मुक्काम सौदी अरेबियातल्या राबिघ गावी, विजयकुमार नावाच्या इंजिनियरच्या घरी असतो. जन्म लंडनच्या कारखान्यातला. पण माझे कामाचे आयुष्य गेले इंग्रजी अमदानीतल्या बंगालात.

तिथे शशिशेखर नावाचे वकील होते. सारे त्यांना वकीलबाबू म्हणत. वकिलीच्या कमाईतून इतरांनी घोडागाड्या घेतल्या, त्यांनी मुलींची शाळा काढली आणि तिच्यासाठी मला आणले. मुली आता स्वयंपाक सोडून किडे बघणार, अशी टवाळी कोर्टात पुष्कळ झाली. वकीलबाबू नुसते हसत.

एका उन्हाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. एकाच तळ्यात लोक गुरे धूत आणि तेच पाणी पीत. वकीलबाबूंनी स्वतःच्या जमिनीत पिण्यासाठी वेगळे तळे खणून घेतले, पण तिकडे कोणी फिरकेना. वाडवडील प्यायले ते पाणी वाईट कसे, असा लोकांचा सवाल. तेव्हा वकीलबाबूंनी मला जुन्या तळ्याच्या घाटावर मांडले. माझ्या नळीला डोळा लावणारा प्रत्येक जण तळ्याच्या थेंबातले वळवळते जीव पाहून दचके. एका म्हाताऱ्याने विचारले, "हेच का पटकीचे किडे, बाबू?"

हो म्हटले असते तर काम चटकन झाले असते.

"नाही," वकीलबाबू म्हणाले. "ते याहून बारीक. या यंत्राला दिसत नाहीत. पण हे जिथे सुखाने नांदतात, तिथे तेही नांदू शकतात."

म्हातारा पुन्हा एकदा नळीवर वाकला. मग रिकामी घागर उचलून नव्या तळ्याकडे चालू लागला, आणि त्याच्यामागून बाकीचे.

पुढे वकीलबाबू गेले. शाळेत नवी यंत्रे आली आणि मी त्यांच्या घरी धूळ खात पडलो. त्यांचा पणतू अनिर्बाण नोकरीसाठी राबिघला आला, तेव्हा हौसेने मला घेऊन आला. यंदा तो कायमचा मायदेशी परतला. विमानाच्या सामानात मला जागा उरली नाही, म्हणून ही सारी हकीकत सांगून त्याने मला शेजारच्या तन्वीच्या, म्हणजे विजयकुमारांच्या लेकीच्या, हाती दिले.

माझी आलटून-पालटून लावायची दोन्ही भिंगे धुरकटली होती. विजयकुमार रिफायनरीतले, त्यांनी लगेच ॲसिटोनची बाटली काढली. "प्लांटमध्ये सगळं यानेच साफ करतो आम्ही. दोन मिनिटांत खलास."

मित्रांनो, माझे प्रत्येक भिंग म्हणजे झाडाच्या राळेने जोडलेल्या दोन काचा. ॲसिटोन कडेने आत शिरले, राळ विरघळू लागली आणि माझे जास्त तीक्ष्ण भिंग दुधासारखे पांढरे झाले. कापूस दुसऱ्या भिंगाकडे वळला. तेही गेले असते तर मी शोभेची वस्तू होऊन राहिलो असतो. तन्वीने बाबांचे मनगट धरले.

"बाबा, वेट. आधी बघू ना, ते कशाने चिकटवलंय."

"मला केमिस्ट्री शिकवतेस?"

"शिकवत नाही. विचारतेय."

विजयकुमारांनी त्या पांढऱ्या भिंगाकडे नीट पाहिले आणि बाटलीला बूच लावले.

वाचलेले भिंग तन्वीने मऊ कोरड्या ब्रशने झटकले. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणून एक थेंब माझ्यापुढे ठेवला. बराच वेळ दूर बसलेले विजयकुमार शेवटी उठून आले आणि वाकले.

"हे शेपटीवालं काय आहे गं?"

"माहीत नाही, बाबा. सरका ना जरा, मला बघू द्या."

मित्रांनो, माझा एक डोळा गेला, पण दुसरा कामाला लागला. जुनी वस्तू हाती आली तर तिला चकाकवण्याची घाई करू नका. ती कशाची बनली आहे, एवढे आधी विचारा. आणि उत्तर मिळाले की तिला नुसते जपून ठेवू नका, वापरा. ते शेपटीवाले काय होते, हे आम्हा तिघांना अजून शोधायचे आहे.