अर्धा कोयता कोर्टात

"खेळ म्हणजे काय भाषण आहे का?" समोरच्या वकिलांनी विचारलं आणि शेवगावच्या कोर्टातली झाडून सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं बांधाची भांडणं, वाटण्या आणि पोटगी यातच माझी वकिली चाललेली. असला झणझणीत प्रश्न पहिल्यांदाच वाट्याला आला होता.

माझी अशील दिपाली, ऊसतोड कामगारांची मुलगी. नगरला कॉम्प्युटर शिकली आणि तिनं मोबाईलवर खेळायचा एक गेम तयार केला. नाव 'अर्धा कोयता'. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एकच कोयता मोजतात, म्हणजे बाई अर्धीच. गेममध्ये आपण ती बाई व्हायचं. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. मध्येच झोळीतलं बाळ रडायला लागतं आणि बुलेटवरून आलेला मुकादम ओरडतो, "उरका, उरका!"

"हा मुकादम म्हणजे मीच," असं गावातल्या काकासाहेब मुकादमांचं म्हणणं. दिपालीच्या आईवडलांची टोळी दरवर्षी कोपरगावकडे घेऊन जाणारे ते हेच. बुलेटही त्यांचीच आणि 'उरका'ही त्यांचंच, हे खोटं कशाला सांगू? गावातली पोरंटोरं त्यांना बघून "उरका आले, उरका आले" करायला लागली, तशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेम बंद करा म्हणून त्यांनी दावा ठोकला. आज मनाई हुकूम निघाला असता तर संध्याकाळच्या आत गेम काढून टाकावा लागला असता आणि दिपालीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. ती माझ्या मागच्या बाकावर ओढणीचं टोक चावत बसली होती.

समोरचे वकील रंगात आले होते. "पुस्तक, नाटक, सिनेमा, तिथं लिहिणारा काहीतरी बोलत असतो. त्याला बोलण्याचा हक्क देणारं घटनेचं कलम एकोणीस आहे, मान्य. पण इथं? खेळणारा बोटं दाबतो, बाहुली हलते. यात बोललं कोण? उद्या पत्ते कुटणंसुद्धा मूलभूत हक्क म्हणाल!"

मागे खसखस पिकली. मला त्या माणसाचा राग आला आणि मुद्द्याचा हेवा वाटला, कारण मुद्दा चांगला होता. मी उठून गेममधली बाई, तिचं बाळ, टोळीचं जगणं, सगळं पोटतिडकीनं सांगितलं. न्यायाधीश साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ते सगळं खरं. पण यांचा प्रश्न राहतोच. गेममध्ये बोलतं कोण?"

"साहेब, एकदा खेळून बघा ना," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग जीभ चावली.

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात काकासाहेब ताडकन उभे राहिले. "सायबास्नी कशाला तरास? म्या खेळतो की! मिसरूड फुटायच्या आदीपासून ऊस तोडलाय म्या. ह्या पोरीनं समदं वाढवून दावलंय. दोन मिन्टात जिंकून दाखवतो."

त्यांच्या वकिलांनी बाही ओढली, पण काही उपयोग झाला नाही. ऊसतोडीत आपला हात धरणारा कुणी नाही, हे एकदा डोक्यात बसलेलं. मुकादम गप बसतोय होय? साहेबांनी मान हलवली. दिपालीनं सगळ्यांना दिसेल असा लॅपटॉप लावला.

आणि काय सांगू, माणूस तोडायला लागला की! सपासप. शेंडा उडव, मोळी बांध, घे डोक्यावर. "बगा!" असं म्हणून त्यांनी आमच्याकडे विजयी नजर टाकली. तेवढ्यात बाळ रडलं.

"रडून गप हुतंय," म्हणत ते फळी चढायला लागले. रडणं वाढत गेलं. त्यांचं बोट चुकलं आणि मोळीसकट बाई खाली आली.

दुसऱ्या वेळी मोळी टाकून ते झोळीकडे गेले. बाळ गप झालं, पण ट्रक सुरू झाला. बुलेट आली. "उरका, उरका!" काकासाहेब फळीकडे पळाले, तर मागे बाळ पुन्हा रडायला लागलं. आता त्यांच्या कपाळावर घाम आला होता. झोळीकडे, फळीकडे, परत झोळीकडे. साहेबसुद्धा खुर्चीतून पुढे वाकले होते. बुलेट पुन्हा आली, मुकादम पुन्हा ओरडला, आणि काकासाहेब खुर्चीतून अर्धे उठत त्या पडद्यावर खेकसले,

"आरं लेकरू रडतंय, दिसत न्हाई व्हय तुला? एकली बाई काय काय करील? थांबव की ट्रक!"

सगळं कोर्ट खो खो हसलं. काकासाहेब तेवढे हसले नाहीत.

मी उठले कशी, ते मलाही कळलं नाही. "साहेब, गेम काहीच बोलत नसेल, तर काकासाहेबांनी आत्ता उत्तर दिलं ते कुणाला?"

साहेबांनी तिथंच हुकूम सांगितला. सकृतदर्शनी हा गेम काहीतरी सांगतो आहे, ते सांगणं एखाद्याला झोंबलं एवढ्यावरून तोंड बंद करता येणार नाही. मनाई नामंजूर, मूळ दावा पुढे चालेल. दिपालीनं मागून येऊन मला मिठी मारली. भर कोर्टात शिट्टी मारावीशी वाटत होती मला. काळा कोट अंगावर होता म्हणून राहिलं!

पुढच्या दाव्याचा पुकारा झाला. काकासाहेब मात्र अजून लॅपटॉपपुढेच. आता हे दिपालीला शिव्या घालणार, म्हणून मी पुढे झाले.

"दिपे," ते हळूच म्हणाले, "ह्यात जिकायचं कसं, ते तरी सांग."

"मामा, बाईकडनं जिकताच येत न्हाई. दोनदा हरलं की पुढचा टप्पा उघडतो. तितं आपन मुकादम हुतो."

"मग?"

"मग एकच बटन हाय. ट्रक थांबवायचं."

काकासाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "लाव."