लंकाबाईच्या गाडीचा कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. दचकू नका, माणसाचा नाही, जीपगाडीतल्या टेपचा. टेपच्या उजव्या बाजूला जे गोल, काळं, फिरवायचं बटण असायचं ना, तो मी. कारखान्याच्या कागदावर माझं नाव काहीतरी वेगळंच होतं. पण आमच्या पाथर्डी तालुक्यात मला त्या नावानं कुणीच ओळखलं नाही. "पिळ की त्याचा कान जरा," असंच सगळे म्हणायचे. शाळेत कान पिळला की मुलं रडतात आणि मला पिळलं की गाणं सुरू व्हायचं, एवढाच काय तो फरक.

माझा जन्म सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. काळ्या प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात ओतले आणि आम्ही बत्तीस भावंडं एकदमच टपाटपा बाहेर पडलो. तिथल्या एका बाईंनी माझ्या कडेच्या खाचांवरून नख फिरवून पाहिलं, मान हलवली आणि मला चांगल्या मालाच्या खोक्यात टाकलं. मित्रांनो, या कडेच्या खाचा म्हणजे माझी सगळी मालमत्ता. खाचा असल्या की बोट घसरत नाही, आणि बोट घसरलं नाही की डोळ्यांना कामाला लावावं लागत नाही. तेव्हा मला हे काही कळत नव्हतं. तेव्हा मी नुसताच गुळगुळीत चेहऱ्याचा, डोक्यावर पांढरी रेघ मिरवणारा एक आखडू होतो.

पुढे एका टेपवर बसून मी अजिनाथच्या जीपमध्ये आलो. पाथर्डी ते शेवगाव ही आमची वाट. नऊ माणसांच्या जागेत सोळा बसायची आणि सोळाही जणांना वेगवेगळी गाणी हवी असायची. म्हातारी माणसं भजनं मागत, कॉलेजची मुलं लग्नातली गाणी मागत. अजिनाथ रस्त्यावरची नजर न काढता डाव्या हाताने मला चाचपायचा. खड्डा आला की आवाज कमी, खड्डा गेला की जास्त. उतरणारा माणूस मागून नुसता खाकरला तरी टक् करून मला बंद करायचा आणि विचारायचा, "कोन उतरतंय?" अठरा वर्षांत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वाईट वाटून घेऊ का? उलट तीच माझी शाबासकी होती. माझ्याकडे बघावं लागत नव्हतं म्हणून तो रस्त्याकडे बघू शकत होता.

याच जीपवर त्याची मोठी बहीण गाडी शिकली. तिचं नाव लंकाबाई. दर वर्षी दसरा झाला की ती आणि तिचा नवरा सहादेव कोयता घेऊन ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. परत आली की माहेरी येऊन ती म्हणे, "आज्या, सरक पलीकडं." आणि स्टेअरिंग धरायची. तिच्या हाताची पहिली ओळख झाली तेव्हा मी हबकलोच. बोटांवर नुसते घट्टे. कित्येक हंगाम उसाच्या पाचटात आणि कोयत्याच्या मुठीवर घासलेली ती बोटं दगडी पाट्यासारखी खरखरीत होती. पण माझ्या खाचांमध्ये ती अशी नेमकी बसायची की जणू त्या बाईंनी कारखान्यात याच बोटांचं माप घेतलं होतं.

दिवस कुणाचेच सारखे राहत नाहीत. जीप भंगारात निघाली. अजिनाथने दुसरी गाडी घेतली आणि तिच्यात माझ्या जागी एक लांबरुंद काच होती. गाणी तिच्यात, फोन तिच्यात, रस्त्याचा नकाशा तिच्यात. अजिनाथ म्हणाला, "आक्का, कानाचा जमाना गेला. आता नुसतं बोट लावायचं." मला त्याने टेपवरून उपटलं आणि घराच्या खिडकीत ठेवलं. तिथे मी सहा महिने धूळ खात, कोळ्याच्या जाळ्यात पडून होतो. खरं सांगतो मित्रांनो, फार लागलं मनाला. रागसुद्धा आला. त्या काचेचं नाव मी तेव्हाच ठेवलं, बाईसाहेब.

एके दिवशी लंकाबाईने मला पाहिलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "ह्यो मला दे. ह्याच्यासंगं शिकले मी." तेव्हापासून मी तिच्या चेनच्या छोट्या पर्समध्ये, लायसनच्या शेजारी राहू लागलो. पर्सची चेन तुटलेली होती, त्यामुळे जग दिसत राहिलं.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या हंगामात मोळी डोक्यावर घेताना सहादेवची पाठ धरली. डॉक्टरांनी त्याला वजन उचलायला साफ मनाई केली. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं; एकट्या माणसाला टोळीत कोण घेणार? मुकादम घरी आला, चहा प्यायला आणि सहज बोलल्यासारखा म्हणाला, "मग तुझी सुकन्या हाय की. मायलेकींचा कोयता करू."

सुकन्या लंकाबाईची मुलगी. दहावीला आहे. ती चुलीपाशी बसून भूमितीची आकृती काढत होती. तिने मान वर केली नाही, पण हातातला कंपास थांबला. लंकाबाई म्हणाली, "दसऱ्यापातूर थांबा. मी दुसरं काम बघतेय."

ते दुसरं काम म्हणजे गावाजवळच्या शाळेची गाडी चालवणं. शाळेने नवीकोरी गाडी घेतली होती आणि वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना आणायला चालक हवा होता. गाड्यांचं काम वाल्मिक सर बघायचे; तेच खेळाचेही शिक्षक. लंकाबाईकडे लायसन होतं, प्रवासी गाडी चालवायचा बॅज होता आणि अख्ख्या रस्त्याचा खड्डान् खड्डा तोंडपाठ होता. सर म्हणाले, "सोमवारी एक फेरी मारून दाखवा, लंकाताई."

सोमवारी मी पर्समधून डोकं बाहेर काढून बसलो होतो. गाडीत चढताच पाहतो तर काय, समोर बाईसाहेब! अजिनाथच्या गाडीतल्यांपेक्षा दुप्पट मोठ्या आणि चकचकीत. एक बटण नाही, एक खाच नाही. मुलं चढली, कुणीतरी गाणी लावली आणि गाडी निघाली. लंकाबाईने काय गाडी चालवली म्हणून सांगू! एकाही मुलाचा डबा कलंडला नाही. सर खूश होते.

मग पुढे बसलेल्या एका मुलाने गाण्याचा आवाज मोठ्ठा केला. काच नुसती दणाणू लागली. सर म्हणाले, "ताई, कमी करा जरा." लंकाबाईने काचेला बोट लावलं. बाईसाहेब ढिम्म. तिने पुन्हा लावलं, मग दाबलं, मग ठोकलंसुद्धा. काहीच नाही. आपलं कुठे चुकतंय ते बघायला तिने एक क्षण नजर खाली केली आणि तेवढ्यात गाडीचं डावं चाक डांबर सोडून खाली उतरलं. तिने लगेच सावरलं. पण सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आपलं बोट नुसतं टेकवलं आणि गाणं चटकन थांबलं.

त्या शांततेत मागून एक बारीक रडका आवाज ऐकू आला. पहिलीतली पूजा केव्हापासून सांगत होती, "बाई, दार नीट लागलं न्हाई. माजं दप्तर अडकलंय."

लंकाबाईने गाडी बाजूला घेतली, उतरून दार लावलं आणि पूजाला छातीशी धरलं. सर वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्यासारखी गाडी कुणी चालवत नाही. पण गाण्यापायी पोराची हाक ऐकू आली नाही, तर मी गाडी कुणाच्या भरवशावर देऊ? शुक्रवारपर्यंत हे जमवा. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी येऊन ती ओट्यावर बसली. "मी अडानी. मला न्हाई जमायचं," असं दोनदा म्हणाली. सुकन्याने आईची बोटं खोबरेल तेलाने चोळली, कोमट पाण्यात भिजवली, शेजारच्यांच्या मोबाईलवर सराव घेतला. दहादा बोट टेकवलं की दोनदा काच ऐकायची. सुकन्या म्हणत होती, "आई, परत." पण आठ वेळा न ऐकलेलं मला पर्समधून दिसत होतं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. नुसता पडून राहिलो.

बुधवारी लंकाबाई पाथर्डीला स्टँडजवळ रामभाऊंच्या दुकानात गेली. गाड्यांच्या वायरिंगमध्ये रामभाऊंचा हात धरणारा दुसरा कुणी नाही. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा पंजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बाई, तुमचं काय चुकत न्हाई," ते म्हणाले. "ह्या काचंला बोटातली बारीक वीज कळती. तुमच्या घट्ट्यातनं ती पोचतच न्हाई. काचंला वाटतं, कुनी हातच लावला न्हाई."

लंकाबाईने आपलीच बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग एकदम हसायला लागली. "रेशनच्या मशीनवर बी माजा अंगठा उठत न्हाई, भाऊ. ह्या काचंवर बोट उठत न्हाई. म्हंजी मी हाय का न्हाई, ह्येच कुनाला कळंना की!"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला रुमाल काढावा म्हणून तिने पर्समध्ये हात घातला आणि हाताला मी लागलो. तिने मला बाहेर काढलं. बराच वेळ बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "ह्याला कळतं माजं बोट. लई वर्सांची वळख हाय. भाऊ, ह्यो कान त्या काचंला लावता येईल का?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या खाचान् खाचा शहारल्या. रामभाऊंनी डोकं खाजवलं. "काच ठिवू जागंवर. तिच्यातनं स्पीकरकडं जानारा आवाज आदी ह्याच्यातनं नेऊ. खाली आतला खटका नवा लागंल, वर टोपी म्हनून ह्योच. पन शाळंची गाडी हाय. सरांना इचारा."

सरांनी एकच अट घातली, गाडीला कुठे कापायचं नाही. रामभाऊंनी एक छोटी पट्टी वाकवून मला गिअरच्या वर, काचेच्या खालच्या बाजूला बसवलं. नव्या खटक्याच्या दांडीवर मी बसेन की नाही, या धास्तीने माझा जीव वर-खाली होत होता. रामभाऊंनी अंगठ्याने दाबलं. टक्! बसलो.

शुक्रवारी सर पुढे बसलेच नाहीत. ते सगळ्यात मागे जाऊन बसले आणि पूजाच्या कानात काहीतरी बोलले. गाडी निघाली. मुलांनी आवाज अगदी शेवटाला नेऊन ठेवला. ओढ्यावरचा अरुंद पूल जवळ आला आणि लंकाबाईचा डावा हात रस्त्यावरची नजर न हलवता माझ्यावर आला. घट्टे खाचांत बसले. तिने मला पिळलं. गाडीत इतकी शांतता झाली की पुलाखालचं पाणी ऐकू आलं.

आणि मागून पूजा तिच्या नेहमीच्या, उंदराएवढ्या आवाजात म्हणाली, "बाई, माजी चप्पल पडली."

"पूल वलांडला की थांबते गं बाळा," लंकाबाई म्हणाली.

पुलापलीकडे गाडी थांबली. सर पुढे आले. त्यांनी स्वतः एकदा मला पिळून पाहिलं, हसले आणि म्हणाले, "सोमवारपासून या, ताई." लंकाबाईने "व्हय सर" म्हटलं. आणि माझ्यावर हात ठेवला. तो हात गरम होता, आणि मला माझ्या आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

आता मी आणि बाईसाहेब शेजारी शेजारी असतो. आमचं भांडण मिटलं. खोटं कशाला बोलू, गाडी मागे घेताना मागचा रस्ता दाखवण्याचं काम बाईसाहेबांसारखं मला सात जन्मांत जमणार नाही. आणि त्यांना जे जमत नाही, ते मी करतो.

दसरा झाला. एका सकाळी आम्ही मुलांना घेऊन निघालो होतो. पुढच्या सीटवर सुकन्या भूमितीचं पुस्तक उघडून बसली होती. समोरून टोळीचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, बांधलेली अंथरुणं आणि वर बसलेली माणसं. त्यात पूजाची आई होती. ती आमची गाडी ओळखून हात हलवत काहीतरी ओरडत होती, पण गाडीत गाण्यांचा नुसता धुमाकूळ चालला होता. लंकाबाईच्या नजरेने आधी रस्ता पाहिला, मग ती बाई पाहिली. टक्. तिने मला पार बंद केलं, गाडी कडेला घेतली आणि खिडकीची काच खाली केली.

"पूजे, रोज जेवत जा गं! आजीला तरास दिऊ नगं!"

"व्हय आये!" पूजा खिडकीतून ओरडली.

ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत लंकाबाईने मला पुन्हा पिळलं नाही. मुकादम ट्रॅक्टरच्या पुढे मोटारसायकलवर होता. आमच्या शेजारून जाताना त्याने सुकन्याकडे पाहिलं. तिने पुस्तकाचं पान उलटलं.

मित्रांनो, माझ्या खाचा आता झिजत चालल्या आहेत. एक दिवस मीही गुळगुळीत होईन आणि माझ्या जागी दुसरं काही येईल. येऊ द्या. तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होऊन गाड्या बनवील, मशीन बनवील, माझ्यापेक्षा शंभरपट हुशार वस्तू बनवील. जरूर बनवा. मला जपून ठेवा असंही मी म्हणत नाही. फक्त बनवायच्या आधी एकदा पाथर्डीला या, आणि लंकाबाईचा हात आपल्या हातात घेऊन बघा.