झेलियाच्या प्रबंधातली आई

मित्रांनो, मुठीत मावेल एवढा, कडा झिजलेला असा मी एक जुना रेकॉर्डर आहे. माणसांचे आवाज साठवून ठेवणं हे माझं काम. आता मी अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या बंदरगावी एका टेबलाच्या खणात पडून असतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथलं मला फारसं आठवत नाही. विद्यापीठाच्या दुकानातून झेलिया फुर्तादोने मला घरी आणलं आणि माझं आयुष्य सुरू झालं. झेलिया तेव्हा पीएच.डी. करत होती. मासे साफ करणाऱ्या बाईची मुलगी अभ्यासक कशी होते, हा तिचा विषय; आणि ती मुलगी म्हणजे ती स्वतःच. आपलंच आयुष्य समोर ठेवायचं, ते तपासायचं आणि त्यातून जगाबद्दल काही म्हणायचं, अशी तिच्या संशोधनाची रीत होती. म्हणून ती सारखी माझ्याशी बोलायची. गाडीत, ग्रंथालयाच्या जिन्यात, तान्ह्या इनेसला मांडीवर थोपटताना. वर्गात कुणी तिच्या उच्चारांना हसलं तर ते, शाबासकी मिळाली तर तेही. माझ्याइतकं महत्त्वाचं कुणी नाही, असं मला वाटायचं.

तिची आई लुर्देस गोदीवरच्या मासळीच्या कारखान्यातली पहाटपाळी संपवून थेट यायची आणि इनेसला सांभाळायची. तिला माझं भारी नवल.

"काय गं, त्या डबीशी कसल्या गुजगोष्टी करतेस? नवऱ्याशी तरी इतकं बोलतेस का?"

"आई, अभ्यास आहे हा."

"स्वतःचाच अभ्यास? मग नापास कशी होशील! उत्तरं सगळी तुलाच ठाऊक."

आपल्याच विनोदावर हसत ती सूप ढवळायची आणि मग तिची गाडी सुटायची. शेजारच्या ओदेतचा केसांचा टोप मिरवणुकीत कसा उडाला, अमेरिकेला येताना आपलं बेट सोडून आपण कशा रडलो. झेलियाच्या गंभीर वाक्यांमागे हे सगळं माझ्यात आपोआप साठत गेलं.

झेलियाच्या मार्गदर्शक हॅल्वर्सन मॅडम एकदा म्हणाल्या, "परक्या माणसाची मुलाखत घेतली असतीस, तर आधी त्याची संमती घ्यावीच लागली असती. आईवरची पानं आईला वाचून दाखवलीस का?"

"माझंच तर आयुष्य आहे, मॅडम. परवानगी कुणाची घेऊ?" मग जरा चाचरत ती म्हणाली, "परीक्षा होऊ दे. मग दाखवते."

खरं कारण तिने गाडीत फक्त मला सांगितलं. आईला वाईट वाटलं असतं, तर ती पानं काढावी लागली असती. आणि सगळा प्रबंध त्याच पानांवर उभा होता.

प्रबंधाची तोंडी परीक्षा सर्वांना खुली होती. लुर्देस चर्चला जायचे कपडे घालून आली, परीक्षकांसाठी घरी भाजलेला गोड पाव घेऊन. पहिल्याच रांगेत बसली. झेलियाने मला टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि एक उतारा वाचायला घेतला.

"आमच्या घरात शब्दांना जागा नव्हती. आई मासे कापायची आणि संध्याकाळी टीव्हीपुढे मुकाट झोपून जायची. मी तिच्यासारखी होऊ नये, म्हणून वाचत राहिले."

कुणीतरी "फार धीट लिहिलंय" असं पुटपुटलं. टाळ्या झाल्या. लुर्देसने सगळ्यांना पाव वाटला.

परतताना गाडीत मी चालूच होतो; झेलिया मला बंद करायला विसरली होती.

"छान वाचलंस," लुर्देस म्हणाली.

"आई, ते तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"अगं, झोपायचे ना मी टीव्हीपुढे. खरंच आहे." तिने पावाचं रिकामं ताट मांडीवर घेतलं. "आधी सांगितलं असतंस, तर मी मागे बसले असते, पोरी. सगळे माना उंचावून माझ्याकडेच बघत होते."

त्यानंतरही लुर्देस रोज यायची, सूप करायची. पण ओदेतचं नाव नाही, बेटाचं नाव नाही. "आज गार आहे." "पोरगी जेवली." एवढंच. मी बंद असलो तरी माझ्याकडे बघून ती ओठ मिटायची. झेलियाने किती वेळा माफी मागितली. "वेडी का तू? मी कुठे रागावलेय?" लुर्देस म्हणायची, आणि ती खरंच रागावलेली नव्हती. लेकीसमोर जपून बोलायला शिकली होती.

प्रबंधाला पारितोषिक मिळालं. झेलिया प्राध्यापक झाली. विद्यार्थी मला हातात घेऊन कौतुकाने बघायचे. मला मात्र माझ्यात साठलेलं लुर्देसचं ते जुनं हसणं जड व्हायला लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात इनेस शाळेतून रडत आली. झेलियाने तिला पोटाशी धरलं. "काय झालं, सोन्या? सांग ना मला."

इनेसने टेबलावरच्या माझ्याकडे पाहिलं. "तू हे तुझ्या वर्गात सांगशील?"

"नाही गं."

"लिहिशील?"

झेलियाने घाईघाईने माझ्या बॅटऱ्या काढल्या आणि मला खणात टाकलं. "बघ, नाही. आता सांग."

"आजीला सांगते," इनेस म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मित्रांनो, तुमची गोष्ट सांगताना तिच्यात आई येणार, भावंडं येणार, लेकरंही येणार. त्यांना आधी विचारा. मागाहून विचारलंत, तर आपलं माणूस रागवत नाही, "चालेल" म्हणतं. आणि मग तुमच्याशी बोलायचं थांबतं.